अर्जदार क्रमांक एकोणतीस

आधी बॉनेटवर एक फोड आला,
मुगाएवढा.
नखानं दाबला, तर आत नुसती हवा.
दुसऱ्या दिवशी तिथून पापुद्रा सुटला
आणि उकडलेल्या अंड्याचं टरफल निघावं
तसा वीतभर निघत गेला.

गाडी तीन वर्षांची. हप्ते सव्वीस राहिलेले.
कंपनीच्या कागदावर रंगाचं नाव मोत्याबित्याचं होतं,
आमच्या गल्लीत ती पांढरी.

जिंतूर रोडला हकीमभाईंच्या शेडमध्ये नेली.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, पापुद्रा उजेडात धरला.
"मॅडम, वरच्या रंगाला कामून शिव्या देता?
खालच्या थरानं पत्र्याला धरलंच नाही.
या महिन्यात ही तुमची पाचवी."

पाचवी.
घरी पोचेपर्यंत मला बाकीच्या दिसायला लागल्या.
लॅबवाल्या कासलीवालांची, दारांना खरूज झाल्यासारखी.
लग्नाला भाड्यानं जाणारी गौसची,
टपावरच्या चट्ट्यांवर झेंडूच्या माळा आडव्या बांधलेली.
अनोळखी माणसं सिग्नलला काच खाली करून विचारायची,
"तुमचीबी सोलायलीय का?"
दवाखान्याच्या बाकावर विचारतात तसं,
तुम्हाला कधीपासून.

कंपनीचं उत्तर आलं, दीड पानाचं.
पक्ष्यांची विष्ठा. क्षारयुक्त पाणी.
वारंवार धुणे.
आणि आपल्या भागातील तीव्र सूर्यप्रकाश.

वारंवार धुणे!
नळाला अकराव्या दिवशी पाणी येतं आमच्याकडं.
भाजी धुतलेल्या पाण्यात फडकं बुडवून
गाडी पुसते मी, तीही दिवाळीला
नाहीतर सासरची माणसं यायची असली की.
आणि ऊन?
ऊन काय काल आलं परभणीत?
चावी हातात देताना, पेढा तोंडात कोंबताना
शोरूममधल्या त्या पोरानं विचारलं होतं का,
मॅडम, तुम्ही सावलीत राहता ना?
हकीमभाईंच्या शेडवरची पाटी बघा,
त्यांनीच रंगवलेली, सत्त्याण्णव सालची,
दक्षिणेला तोंड करून उभी.
'डेंटिंग'वरचा अनुस्वारसुद्धा उडालेला नाही.

ॲडव्होकेट उर्मिला खिल्लारे म्हणाल्या,
एकेकटे गेलात तर एकेकट्याला गुंडाळतील.
सगळ्यांचा मिळून एकच अर्ज करू, ग्राहक आयोगात.
मी विमा विकते. सह्या घेण्यात आयुष्य गेलं,
इथं, इथं आणि इथं, फुलीपाशी.
त्या दिवशी फुलीपाशी बोट दुसऱ्याचं होतं
आणि मी अगदी माझ्या गिऱ्हाइकांसारखी
न वाचता सही करायला निघाले.
"वाचा आधी," बाई म्हणाल्या.
वाचलं. एकोणतिसावी मी.

आठवड्यानं फोन आला, आवाज फार गोड.
तुमच्या एकटीची गाडी पूर्ण रंगवून देऊ, मोफत,
फक्त त्या अर्जातून तेवढं नाव.
खोटं कशाला बोलू,
मी विचारलं, किती दिवस लागतील?
दोन रात्री झोप नाही. मनातल्या मनात
गाडी पांढरीशुभ्र होऊन दारात उभी राहायची
आणि शेजारच्या जोंधळेबाई खिडकीतून बघायच्या.

तिसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात गौस दिसला.
सगळ्यांची आरसी बुकं काउंटरवर लावत होता, नंबरवार.
दोन मुहूर्त बुडाले होते त्याचे;
नवरदेवाच्या मामानं गाडी बघून परत पाठवली होती.
"मॅडम, तुमची प्रत फिकट आलीय,
दुसरी काढायला सांगितली," म्हणाला.
आपल्या खिशातले दोन रुपये त्यानं आधीच दिले होते.
मी फोनचं काही बोलले नाही.
टाचण्यांची डबी उघडून एकेक देत राहिले.

आयोगाच्या आवारात लिंबाखाली आमच्या गाड्या
एका रांगेत लागल्या, अंगावर नकाशे घेऊन.
आत मी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातून
बॉनेटचा पापुद्रा काढला, टेबलावर ठेवला.
लिपिकानं वर न बघता विचारलं, हे काय?
"पुरावा," मी म्हटलं.
त्यानं पापुद्र्यावर पेपरवेट ठेवला.
"धरून ठेवा, बाई. पंखा चालू आहे."